आधी नोंद सुधारा, मग निवाडा करा

एप्रिल १९८९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील मॅक्वारी विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांचा लेख आला आणि हिमालयाच्या भूशास्त्रावर काम करणाऱ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी हिमालयात सापडले म्हणून जे जीवाश्म वर्षानुवर्षे प्रसिद्ध केले, त्यांतले अनेक मुळात हिमालयातले नाहीतच, असा टॅलेंट यांचा आरोप होता. गुप्तांच्या नावावर तीनशेहून अधिक शोधनिबंध होते आणि देशोदेशीचे नामवंत त्यांचे सहलेखक होते. आरोप अचानक झालेला नव्हता. १९८७ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे भरलेल्या परिषदेत टॅलेंट यांनी हे सगळे चित्रांसह मांडले होते, आणि तेव्हा गुप्ता स्वतः सभागृहात बसलेले होते.

आरोपाचा तपशील नीट पाहायला हवा. कोनोडाँट नावाचे प्राचीन सागरी जीव होते. त्यांचे दातांसारखे सूक्ष्म अवशेष खडकात सापडतात आणि त्यांवरून त्या थराचे वय ठरवता येते. गुप्तांनी हिमालयातले म्हणून छापलेले काही कोनोडाँट अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक या प्रसिद्ध ठिकाणच्या नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते. रंग, झीज, टिकून राहण्याची तऱ्हा, सगळे तेच. काही अमोनॉइड, म्हणजे कवचधारी प्राचीन सागरी जीव, मोरोक्कोतील एरफूदच्या जीवाश्मांसारखे होते, आणि असे जीवाश्म युरोपातल्या दुकानांत कोणालाही विकत मिळतात. अनेक निबंधांत जीवाश्म नेमका कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या थरात सापडला याचा ठावठिकाणाच नव्हता. दुसऱ्या कोणी तिथे जाऊन पडताळा घ्यायचे ठरवले तरी जायचे कुठे, हाच प्रश्न होता.

पुढे विद्यापीठाने गुप्तांना निलंबित केले आणि निवृत्त न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली. चौकशीत ते दोषी ठरले. तरी त्यांना सेवेतून काढले नाही. ते २००२ मध्ये रीतसर निवृत्त झाले. या प्रकरणाची चर्चा निघाली की बहुतेक जण इथे थांबतात आणि हळहळतात की दोषी माणूस सुटला. हळहळ रास्त आहे. पण त्याहून मोठे नुकसान या हळहळीच्या आड राहते. त्या तीनशेहून अधिक निबंधांचे काय झाले? त्यांतले बहुतेक औपचारिकपणे मागे घेतलेच गेले नाहीत. ते ग्रंथालयांत राहिले, संदर्भसूचींत राहिले, इतरांनी त्यांच्यावर बांधलेल्या नकाशांत आणि कालक्रमांत राहिले. १९९३ मध्ये टॅलेंट आणि दोन अमेरिकी तज्ज्ञांनी गुप्तांच्या कोनोडाँटवरील निबंधांची छाननी करून ती प्रसिद्ध केली. म्हणजे जो कचरा संस्थेने आणि नियतकालिकांनी काढायचा, तो आपला वेळ मोडून बाहेरच्या अभ्यासकांनी निवडला.

वैज्ञानिक गैरवर्तनाच्या चौकशीत दोन प्रश्न असतात आणि आपण ते सतत एकत्र करतो. पहिला प्रश्न: हा निबंध भरवशाचा आहे का? दुसरा: हा माणूस दोषी आहे का? पहिल्याचे उत्तर कागदपत्रांत, नमुन्यांत आणि आकडेवारीत असते. ते लवकर शोधता येते आणि ते शोधायला कोणाच्या मनात शिरावे लागत नाही. दुसऱ्या प्रश्नात हेतू सिद्ध करावा लागतो, बचावाची संधी द्यावी लागते, अपिलाची वाट पाहावी लागते. पहिले काम तातडीचे आहे, दुसरे सावकाशीचे. दोन्ही एकाच दाव्याला जुंपली की पहिले काम दुसऱ्याच्या गतीने रखडते आणि दुसरे पहिल्याच्या घाईने बिघडते. ही दोन कामे वेगळ्या हातांनी, वेगळ्या मुदतीत आणि वेगळ्या कसोट्यांवर झाली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

गुप्ता प्रकरणात पहिले काम रखडले. दुसरे कसे बिघडते हे पाहायचे तर अमेरिकेतील एका प्रकरणाकडे वळावे लागेल. एप्रिल १९८६ मध्ये 'सेल' या नियतकालिकात उंदरांच्या प्रतिकारशक्तीविषयी एक निबंध आला. लेखकांत थेरेझा इमानिशी-कारी होत्या आणि १९७५ चे नोबेल मिळालेले डेव्हिड बाल्टिमोर होते. इमानिशी-कारी यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मार्गो ओटूल यांना त्याच वर्षी प्रयोगाच्या नोंदींची सतरा पाने हाती लागली. निबंधात छापलेले निष्कर्ष आणि या पानांवरचे आकडे जुळत नाहीत, असे त्यांना दिसले. त्यांनी वरिष्ठांना सांगितले. त्यांचे म्हणणे सुरुवातीला एवढेच होते की निबंधात चूक आहे, ती दुरुस्त करा.

ही विनंती विज्ञानातली अगदी रोजची आहे. तिथल्या तिथे मूळ नोंदी टेबलावर मांडून, बाहेरचे दोन तज्ज्ञ बोलावून, काही आठवड्यांत ती निकाली काढता आली असती. तसे झाले नाही. विद्यापीठांच्या पातळीवर झटपट चौकशा झाल्या आणि फारसे काही बिघडलेले नाही असे ठरले. नियतकालिकात पहिली दुरुस्ती छापून यायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला. तोवर प्रकरण अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले होते. खासदार जॉन डिंगेल यांच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. बनावट नोटा छापणाऱ्यांना पकडणाऱ्या 'सीक्रेट सर्व्हिस' या यंत्रणेने प्रयोगवह्यांतील शाई आणि मोजणीयंत्रांतून निघालेल्या कागदी फिती तपासल्या. १९९१ मध्ये चौकशीचा कच्चा अहवाल फुटला आणि इमानिशी-कारी वृत्तपत्रांत दोषी ठरल्या. बाल्टिमोर यांच्यावर बनावटीचा आरोप नसतानाही त्या वर्षाअखेर त्यांना रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्षपद सोडावे लागले. १९९४ मध्ये सरकारी कार्यालयाने इमानिशी-कारी यांना १९ आरोपांत दोषी ठरवले. शेवटी जून १९९६ मध्ये अपिलीय मंडळाने सगळेच्या सगळे आरोप फेटाळले.

त्या मंडळाने एक गोष्ट मात्र आवर्जून नोंदवली: लबाडी सिद्ध होत नाही, पण निबंधात नाना प्रकारच्या चुका आहेत. दहा वर्षे, संसदेच्या सुनावण्या आणि शाईचे पृथक्करण एवढे सगळे झाल्यावर जे हाती आले, ते पहिल्या महिन्यात ओटूल सांगत होत्या त्याच्या फार पुढचे नव्हते. निबंध दुरुस्तीला पात्र होता. माणूस शिक्षेला पात्र असल्याचा पुरावा नव्हता. हे दोन निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, हे कोणी ध्यानातच घेतले नाही. त्याची किंमत इमानिशी-कारी यांनी दहा वर्षांच्या बदनामीने मोजली. ओटूल यांनाही काही वर्षे संशोधनात काम मिळाले नाही. तक्रार करणारी आणि जिच्यावर तक्रार झाली ती, दोघीही या यंत्रणेत चिरडल्या गेल्या.

चौकशी नीट होऊ शकते, याचेही उदाहरण आहे. यान हेंड्रिक श्योन हा अमेरिकेतील बेल लॅब्जमधला तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ. २००१ मध्ये त्याच्या नावावर सरासरी दर आठ दिवसांना एक निबंध येत होता. २००२ च्या वसंत ऋतूत प्रिन्स्टनच्या लिडिया सोन आणि कॉर्नेलचे पॉल मॅक्यूएन यांना त्याच्या आलेखांत काहीतरी विपरीत दिसले. प्रत्येक मोजमापात यंत्राची किंचित थरथर उतरते; तिला 'नॉइज' म्हणतात. ही थरथर योगायोगाची असते, एकदा आली तशी ती पुन्हा कधी येत नाही. श्योनच्या वेगवेगळ्या निबंधांत, वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांवर, ती चढउतारांसकट हुबेहूब तीच होती. दोन वेगळ्या माणसांच्या अंगठ्यांचे ठसे एक निघावेत तसा हा प्रकार होता.

बेल लॅब्जने मे २००२ मध्ये स्टॅनफर्डचे माल्कम बीस्ली यांच्या अध्यक्षतेखाली बाहेरच्या तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने मूळ नोंदी मागितल्या. प्रयोगवह्या ठेवलेल्याच नव्हत्या आणि संगणकावरची मूळ आकडेवारी जागा पुरत नाही म्हणून पुसली होती, असे उत्तर आले. समितीने तक्रारींची २४ प्रकरणे एकेक करून तपासली आणि त्यांतल्या १६ मध्ये गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबरअखेर अहवाल जाहीर झाला. 'सायन्स'ने आठ आणि 'नेचर'ने सात निबंध मागे घेतले. सहलेखकांना समितीने गैरवर्तनाच्या आरोपातून मुक्त केले. पण ज्येष्ठ सहलेखकाने इतक्या असाधारण निष्कर्षांची पुरेशी पारख केली का, हा प्रश्नही तिने टाळला नाही. श्योनची पीएचडी काढून घेण्याचा वाद जर्मनीतल्या न्यायालयांत पुढे कितीतरी वर्षे चालला. तो चालू द्यायला हरकत नाही, कारण माणसाच्या हक्कांचा प्रश्न न्यायालयात सावकाश सुटावा हेच योग्य आहे. विज्ञानाच्या नोंदीला मात्र त्या निकालाची वाट पाहावी लागली नाही. बाहेरचे लोक, ठरलेली मुदत, प्रत्येक आरोपावर वेगळा निष्कर्ष आणि सगळ्यांना वाचायला मिळणारा अहवाल, एवढ्या चार गोष्टींनी हे साधले.

आता आपल्या घराकडे वळू. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील एका गटाचा निबंध २००५ मध्ये 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री'त प्रसिद्ध झाला. प्रथिने ओळखण्याच्या चाचणीत काळ्या पट्ट्यांची चित्रे मिळतात. या निबंधातील काही पट्ट्या त्याच गटाच्या आधीच्या निबंधातून उचलून वेगळ्या प्रयोगाच्या म्हणून छापल्या आहेत, असा निनावी आरोप झाला. भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गैरप्रकार झाला नसल्याचा निर्वाळा दिला. नियतकालिकाने २००७ मध्ये तो निबंध मागे घेतला. शास्त्रीय मूल्यांसाठी काम करणाऱ्या 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' या संस्थेने समितीच्या उलट निष्कर्ष काढला.

चित्रे तीच, निकाल वेगवेगळे. आरोप खरा की खोटा हे ठरवणे माझे काम नाही, आणि माझ्यासारख्याने बाहेरून ते ठरवूही नये. माझे लक्ष आहे ते वाचकाच्या हाती काय उरले याकडे. नियतकालिक निबंधाबद्दल बोलत होते, समिती माणसांबद्दल बोलत होती आणि ऐकणाऱ्याला वाटले की एक जण खोटे बोलतो आहे. संबंधित शास्त्रज्ञांना निर्दोष ठरूनही संशयातून सुटका मिळाली नाही. आणि ज्यांना शंका होती त्यांचेही समाधान झाले नाही. दोन प्रश्न आधीच वेगळे केले असते, मूळ चित्रे पहिल्या दिवशी त्रयस्थांकडे सील करून ठेवली असती आणि कारणांसह अहवाल जाहीर झाला असता, तर निकाल काहीही लागो, तो मान्य झाला असता.

भारतात ही व्यवस्था आजही उभी राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. मजकुराचे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर माफ. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला शिक्षा. विभागाची एक समिती, संस्थेची एक समिती. हे नियम हवेच होते. पण ते नक्कल पकडतात. बनावट पकडत नाहीत. कोणी स्वतःच्या ओघवत्या भाषेत, एक शब्दही न चोरता, न केलेल्या प्रयोगाचे आकडे लिहिले तर संगणकाची साम्यचाचणी त्याला शून्य टक्के देऊन मोकळी होईल. एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० नियतकालिकांतील २०,६२१ निबंधांची चित्रे नजरेने तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सुमारे चार टक्के निबंधांत चित्रांची संशयास्पद पुनरावृत्ती आढळली. त्यांतल्या कितीतरी निखळ चुका असतील. पण चूक कोणती आणि लबाडी कोणती हे ठरवायला कोणीतरी मूळ नोंदी मागायला हव्यात, आणि ते मागण्याचा अधिकार आपल्याकडे संस्थेबाहेरच्या कोणालाही नाही. 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज'ने १९८६ पासून नैतिक बळावर पुष्कळ काम केले, पण कागद जप्त करण्याची सत्ता तिच्याकडे कधीच नव्हती.

म्हणून सगळा भार संस्थेवर येतो, आणि संस्थेला आपली झाकली मूठ सव्वा लाखाची वाटते. अनुदान, क्रमवारी, प्रवेश, संचालकांची प्रतिष्ठा, सगळे त्या मुठीत असते. भरीस भर म्हणून राष्ट्रीय क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी उणे गुण देण्याचे धोरण २०२५ मध्ये आले. हेतू चांगला आहे, पण परिणाम उलटा होण्याची मला भीती वाटते. जी संस्था प्रामाणिकपणे सदोष निबंध मागे घेईल तिचे गुण कापले जातील आणि जी तक्रारच दाबून ठेवेल ती वर राहील. दुरुस्तीला शिक्षा जोडली की दुरुस्ती थांबते.

इथे पहिला आक्षेप येतो. निबंध मागे घेणे हाच संशोधकाच्या कपाळावरचा कायमचा डाग असतो, मग निवाड्याआधी तो कसा लावायचा? आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच तो डाग पुसायला हवा. २०१८ च्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये 'सायन्स'मधला आपला आदल्या वर्षीचा निबंध मागे घेतला. निष्कर्षांचा पडताळा येत नव्हता आणि प्रयोगवहीतल्या काही नोंदी सापडत नव्हत्या. हे त्यांनी स्वतःच जाहीर केले. त्यांची प्रतिष्ठा कमी झाली नाही. जगभरच्या संशोधकांनी त्यांचे कौतुकच केले. याउलट स्टॅनफर्डचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाव्हीन यांचे पाहा. त्यांनी स्वतः आकडेवारीत फेरफार केला नाही, असे चौकशी समितीने २०२३ मध्ये सांगितले. पण निबंधांतील दोष पुन्हा पुन्हा समोर येऊनही त्यांनी ते वेळेवर सुधारले नाहीत, असा ठपका ठेवला. त्यांना पद सोडावे लागले. दुरुस्ती टाळणे हाच दोष ठरला पाहिजे. दुरुस्ती करणे हा कधीच ठरू नये.

दुसरा आक्षेप सूडाच्या तक्रारींचा. आपल्या विभागांतली भांडणे, जातीपातीचे आणि गटातटाचे राजकारण, बढतीची स्पर्धा पाहता हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. पण उपाय पुन्हा तोच आहे. तक्रार माणसाविरुद्ध असेल तर तक्रारदाराचा हेतू पाहावा लागतो. तक्रार नोंदीविरुद्ध असेल तर हेतूने फरक पडत नाही, कारण दोन आलेख एकसारखे आहेत की नाहीत हे शत्रूने दाखवले काय आणि मित्राने दाखवले काय, उत्तर एकच येते. खोडसाळ तक्रार अशा तपासणीत काही दिवसांत उघडी पडते आणि निर्दोष संशोधकाच्या हाती तसे लेखी प्रमाणपत्र येते. खऱ्या नोंदी ठेवणाऱ्या माणसाला याहून चांगले संरक्षण दुसरे नाही.

आपल्याकडे तक्रार करायची ती बहुधा संशोधक विद्यार्थ्याने, कारण प्रयोगशाळेत काय घडते ते तोच पाहतो. त्याची शिष्यवृत्ती, प्रगती अहवाल, प्रबंधावरची सही, पुढच्या नोकरीचे शिफारसपत्र, सगळे गाइडच्या हाती असते. अशा मुलाला 'विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज कर' असे सांगणे म्हणजे त्याला गप्प बसायला सांगणेच आहे. सद्हेतूने केलेली तक्रार पुढे चुकीची ठरली तरी तक्रारदाराचे नुकसान होणार नाही, त्याला गाइड बदलून मिळेल आणि शिष्यवृत्ती चालू राहील, अशी लेखी हमी नियमांतच हवी.

डेन्मार्कने १९९२ मध्येच संशोधनातील गैरवर्तनाच्या चौकशीसाठी राष्ट्रीय पातळीची यंत्रणा उभी केली. स्वीडनने कारोलिन्स्का संस्थेतील कृत्रिम श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियांचे भयंकर प्रकरण पचवल्यानंतर २०२० पासून गैरवर्तनाचे आरोप संस्थांकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिले. त्या प्रकरणात माणसे दगावली होती आणि ज्या डॉक्टरांनी धोक्याची सूचना दिली, त्यांच्याकडे संस्थेने आधी दुर्लक्ष केले होते. आपण तशा आपत्तीची वाट पाहू नये. आपल्याला हवे आहे ते मोजके आहे. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक संशोधनाच्या मूळ नोंदी संस्थेकडे ठराविक वर्षे जपण्याची सक्ती असावी. तक्रार येताच त्या सील व्हाव्यात, ज्यामुळे आरोपीवरही नंतर नोंदी बदलल्याचा संशय येणार नाही. संस्थेबाहेरच्या तज्ज्ञांनी काही महिन्यांत निबंधाचा निकाल द्यावा आणि तो नियतकालिकाला व वाचकांना कळावा. माणसाची चौकशी करायची वेळ आलीच तर ती राष्ट्रीय मंडळाने करावी. आरोपपत्र, बचाव, अपील हे हक्क त्यात असावेत आणि अंतिम निर्णयापर्यंत नाव गुप्त राहावे. निर्दोष सुटल्यास तेही तितक्याच ठळकपणे जाहीर व्हावे.

यात खर्च फार नाही, नवे तंत्रज्ञान नाही. संस्थाप्रमुखांनी एक सवय बदलणे मात्र आवश्यक आहे. तक्रारीचा कागद टेबलावर आला की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, 'तक्रार कोणी केली?' ज्या दिवशी त्याऐवजी 'मूळ नोंदी कुठे आहेत?' हा प्रश्न आधी विचारला जाईल, त्या दिवसापासून लबाडांना लपायची जागा कमी होईल आणि प्रामाणिक संशोधकांना घाबरण्याचे कारण उरणार नाही.